सजावटीचं सामान: डब्यात कसं ठेवायचं, पानावर कसं उतरवायचं

विचारलेलं थोडक्यात असं आहे: स्क्रॅपबुकिंगचं, म्हणजे फोटो नि आठवणी सजवून अल्बमच्या पानांवर लावण्याचं सामान भरपूर साठलंय, जागा मात्र खोलीचा एक कोपरा आणि एक टेबल एवढीच. स्टिकर, बटणं, टिकल्या, डाय-कट (साच्याने कापलेले कागदी आकार), रिबिनी असं सगळं प्रकारानुसार डब्यांत भरलं, वर लेबलंही लावली. तरी पान करायला बसलं की हवं ते वेळेवर सापडत नाही, आणि सापडेल ते लावत गेलं की पान गच्च भरतं. त्यात जुन्या अल्बममधले खडे आता गळायला लागलेत. तर जागा कशी लावायची, आणि सजावट किती नि कशी करायची?

मी याला दोन प्रश्न मानत नाही. पानावरची गर्दी आणि टेबलावरचा पसारा यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. सामान आपण दुकानात मांडतात तसं मांडतो, आणि पान रचताना डोकं मात्र वेगळ्याच रीतीने चालतं.

रचना करताना 'मला आता बटण हवंय' असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मनात येतं ते असं की फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी छोटं, निळसर, किंचित उठून दिसणारं हवंय. मग ते बटण असेल, एनॅमलचा ठिपका असेल, नाहीतर पंचने कापलेलं वर्तुळ असेल. सगळं प्रकारानुसार ठेवलेलं असलं की या एवढ्याशा गोष्टीसाठी पाच-सहा डबे उघडावे लागतात. दोन-तीन डबे झाले की कंटाळा येतो आणि समोर जे पडलंय तेच चिकटवलं जातं. मग ते नीट बसत नाही म्हणून शेजारी आणखी एक. गर्दी होते ती अशी.

म्हणून वर्गवारी कामावरून करा. मी चार गट करते. पहिला 'पाया': खाली अंथरायच्या गोष्टी, म्हणजे कागदाचे तुकडे, व्हेलम (अर्धपारदर्शक कागद), लेस, जाळीचं कापड, टॅग, वॉशी टेप (नक्षीदार कागदी चिकटपट्टी). दुसरा 'मुख्य': ज्याच्याकडे फोटोनंतर लगेच नजर जावी असं मोठं डाय-कट, पुठ्ठ्याचा आकार, कागदी फूल. तिसरा 'भर': टिकल्या, खडे, छोटी बटणं, ठिपके, ब्रॅड (मागे पाय दुमडून बसवायची धातूची खिळी). आणि चौथा 'अक्षरं': शीर्षकाचे स्टिकर, छापील शब्द, आकडे. प्रत्येक गटाच्या आत रंगाप्रमाणे लावायचं. रंगछटांचा फार कीस पाडू नका; लाल-गुलाबी, पिवळा-नारिंगी, हिरवा, निळा-जांभळा, मातकट, काळा-पांढरा-धातूचा, एवढे विभाग पुष्कळ झाले. निळ्या विभागात बटण, खडा आणि ठिपका शेजारी शेजारी दिसले की निवड पटकन होते.

याला अपवाद एकच: ठरावीक प्रसंगाचं सामान. सहलीचे नकाशे नि विमानं, बाळाचे छापील दाखले, वाढदिवसाचे आकडे हे रंगात मिसळून टाकलं तर हरवतं. ते प्रसंगानुसार वेगळं, झाकणाच्या सपाट डब्यात ठेवा.

आता पानावर हे गट कसे उतरतात ते एका कोपऱ्यापुरतं बारकाईने सांगते, कारण सजावट 'किती' याचं उत्तर त्यातच आहे. समजा पान नेहमीचं, १२ इंची म्हणजे ३०.५ सें.मी. चौरस आहे आणि त्यावर १० × १५ सें.मी.चा एक आडवा फोटो. फोटोखाली एकाच रंगकुळातले दोन कागद, प्रत्येक बाजूला साधारण ५ मि.मी. बाहेर डोकावतील असे, पण वरचा अगदी थोडा तिरका. फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी व्हेलमची हाताने फाडलेली पट्टी, अर्धी फोटोखाली सरकवलेली. हा झाला पाया. त्यावर एक मुख्य वस्तू, समजा एक फूल. ते फोटोच्या शेजारी सुटं ठेवू नका. फोटोच्या कडेवर सेंटिमीटरभर चढू द्या. अंतर सोडून ठेवलेलं फूल पानावर चुकून पडल्यासारखं दिसतं, कडेवर चढलेलं फूल फोटोला धरून बसतं. मग भर: तीन ठिपके, मोठा फुलाजवळ, मधला थोडा दूर, सगळ्यात छोटा कडेकडे निसटणारा. तीन सारखे ठिपके एका ओळीत ठेवून बघा आणि मग असे ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

हा एक पुंजका झाला. पानावर असा मोठा पुंजका एकच असावा. त्यातल्या रंगाचा किंवा आकाराचा छोटासा प्रतिध्वनी आणखी दोन ठिकाणी द्यायचा, एक शीर्षकाजवळ आणि एक समोरच्या कडेला, म्हणजे तिन्हींचा मिळून फोटोभोवती त्रिकोण होतो. नजर त्या त्रिकोणात फिरते आणि दर वेळी फोटोवरून जाते. चौथी जागा सजवायचा मोह झाला की मी उलट करून बघते, तिन्हीपैकी एक काढून टाकते. बरेचदा पान सुधारतं.

काहीही चिकटवण्याआधी सगळं सुटं मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. छोट्या पडद्यावर पान बघितलं की कुठे वजन जास्त झालंय ते लगेच दिसतं. शिवाय उचलून ठेवताना काही हललं तर मूळ रचना फोटोत असतेच.

जाडीचा विचार सुरुवातीला फारसा कुणी करत नाही, आणि अल्बम मिटेनासा झाला की मग आठवतो. प्रत्येक पानावर पुंजका उजव्या खालच्या कोपऱ्यातच येत असेल तर वीस पानांनी अल्बम त्या बाजूला फुगतो, शिवणीकडे चपटा राहतो आणि पानं वाकायला लागतात. जागा बदलत राहा: एका पानावर वर डावीकडे, पुढच्यावर मध्ये, त्यापुढच्यावर खाली. फोम टेप १ मि.मी.चीही मिळते आणि २ मि.मी.चीही; दोन थर चढवायचे असतील तर पातळ घ्या. आणि समोरासमोरची पानं एकत्र बघा. अल्बम मिटल्यावर बटणाच्या बरोबर समोर फोटोतला चेहरा येत असेल तर काही वर्षांत त्यावर खळगा पडतो. दोन्ही पानांना प्लॅस्टिकची खोळ असली तरी दाब पोचतोच.

खडे गळतायत त्याबद्दल. बहुतेक खड्यांना आणि ठिपक्यांना मागे आयता गोंदाचा पातळ थर असतो. तो गुळगुळीत कागदावर किंवा छापील चकचकीत पृष्ठभागावर जेमतेम धरतो. पान उलटताना कागद वाकतो, खडा वाकत नाही, आणि दर वेळी कड थोडी थोडी सुटते. उपाय साधा आहे: लावण्याआधी मागे टाचणीच्या टोकाएवढा पातळ पांढरा गोंद लावा, वर बेकिंग पेपर ठेवून एखादं जड पुस्तक रात्रभर ठेवा. जुन्या पानांवरचे खडे असेच परत बसवता येतात. आधी मागचा वाळका चिकटा बोटाने चोळून काढा.

बाकी गोंद वस्तूवरून निवडायचा. कागदावर कागद असेल तर टेप रनर (कागदावर ओढला की चिकट पट्टी सोडतो तो) किंवा दुहेरी टेप, कारण ओल्या गोंदाने पातळ कागद सुरकुततो. पुठ्ठा, लाकूड, लेस यांना पांढरा गोंद, कमीत कमी. बटणाला गोंदाचा आयता ठिपका चालतो, पण भोकांतून दोरा ओवून मागे गाठ मारली तर ते अधिक टिकतं आणि दिसतंही छान. व्हेलममधून सगळंच आरपार दिसतं, म्हणून ते चिकटवायचं फक्त तिथेच जिथे वर दुसरं काही येणार आहे. वॉशी टेपची पकड मुळातच हलकी असते, ती सहज निघावी म्हणूनच तशी केलेली असते. तिचं टोक पानाच्या कडेवरून मागे वळवा नाहीतर दुसऱ्या कागदाखाली दडवा. ग्लू गनचा गोंद मी अल्बममध्ये वापरत नाही. त्याचे गोळे जाड होतात आणि उष्णतेत तो मऊ पडतो. रबर सोल्यूशन तर फोटोच्या आसपासही नको, त्यातलं गंधक फोटोवर डाग पाडतं. चिकटवण्याची ही डोकेदुखी जुनीच आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७३ साली पानांवर आधीच गोंदाचा थर दिलेल्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण ठेवायचं, बस्स.

फोटोजवळ काय येऊ द्यायचं, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण यातली चूक लगेच दिसत नाही. कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असेल तर उजेडाने आणि हवेने तो पिवळा पडतो, आम्लयुक्त होतो आणि ते आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. वर्तमानपत्राचं कात्रण इतक्या लवकर तपकिरी होतं ते त्यामुळेच. म्हणून कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद घेताना 'अ‍ॅसिड-फ्री' आणि 'लिग्निन-फ्री' हे दोन्ही शब्द बघा, एक पुरेसा नाही. चांगल्या टिकाऊ कागदात कॅल्शियम कार्बोनेटचा साठा ठेवलेला असतो, तो पुढे तयार होणारं आम्ल शोषून घेतो. आयएसओ ९७०६ या मानकात हा साठा किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका असावा लागतो. नुसतं 'आर्काइव्हल' किंवा 'फोटो-सेफ' असं छापलेलं असेल तर त्यामागे ठरलेलं मोजमाप नसतं. त्याऐवजी फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट म्हणजे 'पॅट' उत्तीर्ण असा उल्लेख शोधा. ही आयएसओ १८९१६ मधली चाचणी आहे. तिच्यात कागद, गोंद किंवा शाई ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस संवेदनशील फिल्मला लावून ठेवतात आणि डाग पडतो का, रंग उडतो का ते मोजतात.

घरी साठलेल्या कागदांवर काहीच लिहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी पीएच तपासायचं पेन मिळतं. कोपऱ्यात छोटी रेघ मारायची. ती जांभळी झाली तर कागद ठीक, पिवळी पडली किंवा रंगच आला नाही तर आम्लयुक्त. गडद रंगीत कागदावर हे नीट कळत नाही, तिथे मागची पांढरी बाजू बघा. नापास झालेला कागद फेकायची गरज नाही, शुभेच्छापत्रांना वापरा.

प्लॅस्टिकमध्ये पीव्हीसी टाळा. काळ जातो तसा त्यातून आम्लाचा वायू सुटतो, आणि ते मऊ करायला घातलेली रसायनं फोटोला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन, पॉलिएस्टर ही तिन्ही चालतात, खोळींनाही आणि डब्यांनाही. धातूचे ब्रॅड, आयलेट (भोकाला बसवायची कडी), क्लिपा गंजतात. मुलामा दिलेले, रंग दिलेले घ्या आणि त्यांचे मागचे पाय कागदाच्या चकतीने झाका, नाहीतर ते मागच्या पानावर ओरखडे काढतात. फोटोतून आरपार ब्रॅड घालू नका, फोटोखाली बाहेर डोकावणाऱ्या कागदातून घाला.

तिकिटं आणि पावत्यांबद्दल थांबून सांगते. हल्लीची बरीचशी तिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो. म्हणून ती आपोआप फिकी होतात, आणि लॅमिनेशन मशीनमधून काढली तर पूर्ण काळी पडतात. आजच स्कॅन करा आणि चांगल्या कागदावर छापून तीच प्रत लावा. वर्तमानपत्राच्या कात्रणालाही हाच उपाय. वाळलेली फुलं लावायची असतील तर पूर्ण वाळल्याशिवाय नकोत, आणि ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात घालून. जुने एकुलते एक फोटो कापायचे नाहीत, प्रत काढून कापा. झटपट छापणाऱ्या कॅमेऱ्याचा फोटो तर मुळीच कापू नका, त्याच्या थरांमध्ये रसायनं बंद केलेली असतात.

आता कोपरा. टेबल बसून काम करायला ७२ ते ७५ सें.मी. उंचीचं बरं पडतं. कटर आणि डाय-कटिंगचं मशीन उभं राहून चालवणं सोपं, त्यासाठी ९० सें.मी.च्या आसपासचं कपाटाचं माथं मिळालं तर उत्तम. टेबलावर कायम मोकळी राहिली पाहिजे अशी जागा मी खुणेने ठरवते: कटिंग मॅट आणि तिच्या शेजारी एक पूर्ण पान मावेल एवढी. त्या जागेवर डबा ठेवायचा नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मा पसारा होत नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडे, डावखुऱ्यांनी उलट, म्हणजे कापताना हाताची सावली रेघेवर येत नाही. बल्ब ५००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या वरचा घ्या. पिवळट दिव्याखाली जुळवलेले दोन निळे सकाळी भलतेच दिसतात.

हात लांब न करता पोचेल एवढ्यात फक्त रोजची हत्यारं: कात्री, क्राफ्ट चाकू, पट्टी, चिमटा, टेप रनर, काळं पिगमेंट शाईचं पेन. उठावं लागेल अशा जागी पंच, मशीन, स्टॅम्प. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी सगळ्यात वर.

'भर' गटासाठी उंच बरण्या दिसायला सुंदर असतात, पण तळाशी काय आहे ते दिसत नाही आणि हवा तो ठिपका काढायला सगळी बरणी उपडी करावी लागते. चार-पाच सें.मी. उंचीचे, आत कप्पे असलेले पारदर्शक सपाट डबे घ्या. वस्तू एकाच थरात राहतील एवढंच भरा. स्टिकर आणि डाय-कटचे तक्ते आडवे रचू नका. खोळीत घालून उभे, फायलीसारखे, बोटाने चाळता येतील असे. बारा इंची कागद उभा ठेवायचा तर कप्पा आतून किमान ३२-३३ सें.मी. हवा आणि खचाखच नाही तरी भरलेला हवा. सैल राहिला की कागद वाकतो आणि तो बाक नंतर जात नाही. कागद कमी असेल तर सरळ आडवाच ठेवा.

बाकीचं भरभर: अल्कोहोल मार्कर आडवे, म्हणजे दोन्ही टोकांना शाई राहते. गोंदाची बाटली तोंड खाली करून. पारदर्शक स्टॅम्प उन्हापासून दूर, ते पिवळे आणि कडक होतात. धातूचे डाय (आकार कापायचे साचे) चुंबकी पत्र्यावर. कटिंग मॅट सपाट. उन्हात किंवा हीटरजवळ ती एकदा वाकली की वाकलीच. तयार अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकून, पोटमाळ्यावर किंवा तळघरात नकोत. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील अशी, माणसांच्या वावरातली खोलीच त्यांना मानवते.

एवढ्या वर्गवारीनंतरही माझं सगळ्यात जास्त काम होतं ते ट्रेमुळे. पान सुरू करायच्या आधी एक रिकामा ट्रे घेते. त्यात फोटो, दोन साधे आणि दोन नक्षीचे कागद, एक मुख्य वस्तू, पायासाठी दोन-तीन गोष्टी, आणि भर म्हणून एका छोट्या वाटीत मावेल एवढंच. मग सगळे डबे बंद. त्या ट्रेबाहेरचं काही घ्यायचं नाही. पानावरची गर्दी इथेच आटोक्यात येते, आणि काम मध्येच सोडावं लागलं तर ट्रे उचलून ठेवला की टेबल मोकळं. अर्धवट अल्बम पडून राहतात त्यांनाही हाच उपाय: पुढच्या तीन पानांचे ट्रे किंवा झिपच्या पिशव्या एका बैठकीत भरून ठेवा. निवडणं आणि चिकटवणं वेगळ्या दिवशी झालं की दोन्ही कामं हलकी होतात.

सुरुवात कुठून करायची, तर सगळं एकदम जमिनीवर ओतू नका. आधी फक्त 'भर' लावा. गट छोटा आहे आणि फायदा लगेच दिसतो. लावताना प्रत्येक स्टिकरचा कोपरा बोटाला चिकटतो का बघा. जो चिकटत नाही तो टाकायचा नाही, त्याला टेप रनर लागेल अशी खूण करून ठेवायचा. कागदाच्या कतरणींसाठी एक मोजमाप ठरवा. माझ्याकडे तळहाताएवढा तुकडा रंगाच्या पाकिटात जातो, त्याहून लहान असेल तर त्याच दिवशी पंचने आकार कापून 'भर'च्या डब्यात, आणि पंचही बसत नसेल तर रद्दीत.